तेहतीस आत, सतरा बाहेर

अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचं शहर आहे. शहराच्या कडेला एक जुना हवाई तळ. शीतयुद्धाच्या काळात तिथून बी-४७ बॉम्बर विमानं उडायची. १९६६ साली तळ बंद झाला आणि मागे उरलं काँक्रीटचं अफाट पटांगण. २००९ पासून 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या १९४४ साली स्थापन झालेल्या संस्थेची राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा सप्टेंबरात इथेच भरते. देशभरातून हजारभर स्पर्धक येतात. कुणी गाडी ट्रेलरवर चढवून आणतं, कुणी तीच गाडी दीड-दोन हजार किलोमीटर चालवत येतं.

ऑटोक्रॉस म्हणजे रेस नव्हे, निदान टीव्हीवर दिसते तशी तरी नाही. पटांगणावर नारिंगी शंकू मांडून वाट आखलेली असते आणि त्या वाटेवर एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सुटते. साधारण मिनिटभराचा खेळ. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या फारसा वर जात नाही, पण त्या मिनिटात गाडी सतत वळत असते: डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एक शंकू पडला तर वेळेत दोन सेकंद वाढतात. वाट चुकली तर ती फेरी बाद. लिंकनला दोन वेगवेगळ्या वाटा असतात, दोन दिवस, प्रत्येक वाटेवर तीन फेऱ्या. दोन्हीकडच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. ज्याला दोन दिवसांत जेमतेम सहा मिनिटं गाडी चालवायची आहे, असा माणूस वर्षभर गॅरेजमध्ये काय करतो? बहुतेक वेळा तो मडगार्डच्या आत हात घालून अंतर मोजत बसलेला असतो. चाकासाठी आणखी किती जागा निघेल, याचा तो हिशेब असतो.

'मोठी चाकं' म्हटल्यावर आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो व्यास. चौदा इंची पत्र्याची रिम काढून सतरा इंची अलॉय लावले की गाडी 'उठून दिसते', असं दुकानदार सांगतो, आणि दिसतेही. ऑटोक्रॉसवाल्याला दिसण्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवी असते रुंदी, आणि त्यासाठी तो प्रसंगी व्यास कमीही करतो. एकूण चाकाचा, म्हणजे रिम अधिक टायर मिळून होणारा व्यास त्याला मूळच्या जवळपासच ठेवायचा असतो, कारण गिअरचं गणित, स्पीडोमीटर आणि एबीएस सगळं त्याला बांधलेलं असतं. हे तत्त्व आपल्या रस्त्यावरही रोज दिसतं. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टच्या साध्या आवृत्तीला १६५/८०आर१४ टायर येत, वरच्या आवृत्तीला १८५/६५आर१५. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या भिंतीची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशेब मांडून बघा: पहिल्याचा एकूण व्यास ६२० मिमी, दुसऱ्याचा ६२१ ते ६२२. रिम इंचभर वाढली, टायर २० मिमी रुंद झाला, आणि उंचीत फरक पडला दोन मिलिमीटरचा. कंपनीने रुंदी वाढवली आणि भिंत खाली आणली. ऑटोक्रॉसवाला हेच करतो, फक्त कंपनी जिथे थांबते तिथून तो सुरू करतो.

रुंद टायर चांगला का, याचं गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर असतं, 'जास्त रबर रस्त्याला टेकतं.' ते अर्धंच खरं आहे. टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचा भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. ड्रायव्हरसकट साडेतेराशे किलोच्या गाडीत एका चाकाच्या वाट्याला सुमारे ३३७ किलो येतात, आणि नेहमीच्या दाबाला त्याचं क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढं. टायर रुंद केला की हा पंजा फार मोठा होत नाही, तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळताना टायर ज्या दिशेला बघतो आणि गाडी प्रत्यक्षात ज्या दिशेला जाते त्यांत थोडा कोन असतो. पंजा आखूड आणि रुंद असला की कमी कोनातच जोर तयार होतो, आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी लवकर ऐकते. रुंद टायरमध्ये दाब उतरवायलाही वाव मिळतो, उष्णता जास्त रबरावर वाटली जाते. शिवाय टायरची एक खोड आहे: भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. वळणात बाहेरच्या चाकांवर भार चढतो तेव्हा अरुंद टायर आधी दम सोडतो.

रिमची रुंदी ही वेगळी गोष्ट, आणि माझ्या मते तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अरुंद रिमवर रुंद टायर बसतो, पण त्याच्या भिंती आत ओढल्या जातात. शंकूंच्या नागमोडी रांगेत गाडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकली जाते तेव्हा तो टायर आधी रिमवर डुलतो, मग वळतो. मिनिटभराच्या वाटेत असे दहा-पंधरा पलटे असतील, तर प्रत्येक डुलणं घड्याळात उमटतं. रुंद रिम भिंतींना ताठ उभं करते. म्हणून जाणकार आधी रिमचा आकडा विचारतात आणि मग टायरचा.

मग मिळेल तेवढी रुंद रिम का लावत नाहीत? कारण नियमावली. ऑटोक्रॉसमधल्या गाड्यांचं रूप इंजिनिअरइतकंच या जाड पुस्तकाने ठरवलं आहे. 'स्ट्रीट' वर्गात रिमची रुंदी मूळ गाडीइतकीच ठेवावी लागते; टायर मात्र हवा तेवढा रुंद, बसेल तो. तिथे मग सात इंची रिमवर २२५ चा टायर चिमटून बसवलेल्या माझ्दा दिसतात. वरच्या 'स्ट्रीट टूरिंग' गटात रिम बदलता येते, पण प्रत्येक वर्गाला कमाल मर्यादा आहे. दोन सीटच्या हलक्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा जो 'एसटीआर' वर्ग, त्यात रिम ९ इंच आणि टायर २५५. या दोन्ही गटांत टायरवर 'ट्रेडवेअर २००' किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असावा लागतो. हा झिजण्याचा आकडा. १०० हा संदर्भ, २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा. मेख अशी की अमेरिकेत हा आकडा टायर कंपनी स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच छापते. २०१४ साली 'स्टॉक' वर्ग जाऊन 'स्ट्रीट' वर्ग आला, त्याच सुमारास २०० ची अटही आली, आणि पाठोपाठ बाजारात असे टायर येऊ लागले ज्यांच्यावर २०० छापलेलं आणि स्वभाव रेसचा. ब्रिजस्टोनचा आरई-७१आर, योकोहामाचा ए०५२ ही त्यातली गाजलेली नावं. एका छंदिष्ट खेळाच्या अटीने मोठमोठ्या कंपन्यांना टायर बनवायला लावले, याची मला गंमत वाटते.

९ इंच आणि २५५ हे आकडे आता एका गाडीत घालून पाहू. गाडी होंडा एस२०००. होंडाच्या पन्नाशीनिमित्त १९९९ साली आलेली, २००९ साली बंद झालेली, भारतात कधीच अधिकृतपणे न विकली गेलेली. पुढे लांब नाक, मागच्या चाकांना ताकद, वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घ्यायचं. अमेरिकेत २००४ पासून २.२ लिटरचं आलं, ८,००० फेऱ्यांचं, आणि त्याच वेळी चाकं सोळावरून सतरा इंचांवर गेली. या नंतरच्या गाडीला पुढे ७ इंची रिमवर २१५/४५, मागे साडेआठ इंचीवर २४५/४०. पुढे अरुंद, मागे रुंद. ही रचना कंपनीने मुद्दाम केलेली असते. मर्यादेबाहेर वेगात गेलात तर आधी पुढची चाकं घसरावीत आणि गाडी सरळ जावी. गिरकी घेऊन उलटी फिरू नये. सुरुवातीच्या एस२०००ची मागची बाजू अचानक सुटते अशी ख्याती होती, त्यामुळे होंडाने नंतर जास्तच काळजी घेतली.

ऑटोक्रॉसवाल्याला चारही बाजूंना सारखीच चाकं हवी असतात: १७ बाय ९, वर २५५/४०. आता प्रश्न ऑफसेटचा. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेरच्या अंगाला आहे, ते मिलिमीटरमध्ये सांगणारा हा आकडा. तो जितका मोठा, तितकं चाक आत जातं. या गाडीसाठी ६३ हा ऑफसेट जणू सर्वमान्य झाला आहे, आणि तो कुठून आला हे कागदावर मांडलं की कळतं. मूळ पुढची रिम ७ इंच, ऑफसेट ५५. हबपासून तिची आतली कड १४४ मिमीवर आणि बाहेरची ३४ वर. नवी ९ इंच, ऑफसेट ६३. आतली कड १७७ वर, बाहेरची ५१ वर. म्हणजे चाक आत ३३ मिमी वाढलं आणि बाहेर १७. मागे मूळ साडेआठ इंच, ऑफसेट ६५. तिथे आत ४ मिमी आणि बाहेर ८ मिमी एवढाच फरक. मागची बाजू सोपी जाते. खरी मारामारी पुढे.

३३ मिमी आत म्हणजे शॉकअप, वरचा आर्म, ब्रेकची नळी आणि पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर मागे येणारा प्लॅस्टिकचा आतला लायनर. १७ मिमी बाहेर म्हणजे मडगार्डची आत दुमडलेली पत्र्याची धार. गाडी उभी असताना सगळं छान दिसतं. घासतं ते वळणात, जेव्हा बाहेरच्या बाजूची सस्पेन्शन दबते आणि चाक वर चढतं. म्हणून शहाणा माणूस टायर विकत घेण्याआधी स्प्रिंग काढतो, नुसती रिम लावतो, खालून जॅकने चाक वर-खाली करतो आणि प्रत्येक उंचीवर स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो. टायर लावल्यावर मडगार्डच्या आत मऊ मातीचे गोळे चिकटवून एक फेरी मारतो. गोळा कुठे चपटा झाला, किती उरला, यावरून जागा कळते. हाताने अंदाज घेणारेही आहेत. त्यांचे टायर पहिल्याच स्पर्धेत कडेने सोललेले दिसतात.

मग येतं मडगार्डची धार दाबणं. हबला बोल्टने बसणारं एक हत्यार मिळतं, टोकाला रबरी किंवा प्लॅस्टिकचा रोलर. हीट गनने रंग गरम करायचा, म्हणजे तो तडकत नाही, आणि रोलर पुढे-मागे फिरवत धार आतल्या बाजूने चपटी करायची. थोडा दाब, पुन्हा गरम, पुन्हा दाब. घाई केली की रंगाला बारीक केसासारख्या चिरा जातात आणि तिथून गंज धरतो. जुने लोक टायर आणि मडगार्डच्या मध्ये बेसबॉलची बॅट घालून गाडी हळूच ढकलायचे; तेही काम व्हायचं, पण पत्रा कधी कधी लाटा घेऊन बाहेर यायचा. स्ट्रीट टूरिंगमध्ये धार अशी दाबायला मुभा आहे, मडगार्ड कापायला नाही. एस२०००मध्ये बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात तो कोपरा विशेष त्रासदायक. तिथला स्क्रू आणि पत्र्याची जीभ टायरवर रेघ ओढते.

कॅम्बर इथे मदतीला येतो. चाकाचं वरचं टोक आत झुकवायचं, उणे तीन अंशांच्या आसपास. वळणात गाडी झुकते आणि बाहेरचं चाक जवळपास सरळ उभं राहतं, हा त्याचा मूळ उपयोग. जागेच्या दृष्टीनेही हिशेब आहे: अडीच अंश जास्त झुकवलं तर ३१८ मिमी त्रिज्येच्या चाकाचं वरचं टोक मध्याच्या तुलनेत १४ मिमी आत जातं. बाहेर वाढलेल्या १७ पैकी बराचसा वाटा इथे वसूल होतो. पण हा कॅम्बर खालचा आर्म बाहेर सरकवून मिळवला, तर अख्खं चाकच थोडं बाहेर जातं आणि वसुलीतला काही भाग परत द्यावा लागतो. या खेळात फुकट असं काही मिळत नाही.

चाकं बसली, घासत नाहीत, आणि मालक पहिल्या स्पर्धेला जातो. गाडी गिरकी घेते. कारण उघड आहे. पुढे २१५ च्या जागी २५५ आले, म्हणजे पुढची पकड भरपूर वाढली. मागे २४५ चे २५५, म्हणजे किरकोळ. कंपनीने पुढे मुद्दाम ठेवलेला अशक्तपणा निघून गेला. उपाय म्हणजे पुढचा अँटी-रोल बार जाड करणं. तो वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार टाकतो आणि पुढची पकड थोडी खातो. चाकं रुंद करून मिळवलेलंच थोडं परत करायचं, पण किती आणि कधी ते आता मालकाच्या हातात. ऑटोक्रॉसच्या एस२०००मध्ये पुढे मनगटाएवढे बार दिसतात, ते यासाठी. होंडाने स्वतः २००८ आणि २००९ च्या मॉडेल वर्षांत अमेरिकेसाठी सीआर नावाची ६९९ गाड्यांची कडक आवृत्ती काढली तेव्हा २५५ चे टायर फक्त मागे घातले, पुढे २१५ च ठेवले. ग्राहक गाडीत बसून झाडावर जाऊ नये याची जबाबदारी कंपनीवर असते.

बाकीचे परिणाम लहान, पण यादीत घ्यायचेच. चाकाचा मध्य बाहेर सरकला की स्टीअरिंगला खड्ड्यांचे झटके जास्त बसतात, व्हील बेअरिंगवर ताण वाढतो, स्प्रिंग थोडी मऊ झाल्यासारखी वागते. कमी ऑफसेटची रिम घेऊन हे सगळं ओढवून घेण्यापेक्षा नेमक्या ऑफसेटची हलकी रिम घ्यावी. तीच गोष्ट स्पेसरची. मध्ये चकती घातली की हबचा गोल उंचवटा रिमच्या मधल्या भोकात नीट बसत नाही, बोल्ट आखूड पडतात. या गाडीत नट १०८ न्यूटन-मीटरला, टॉर्कच्या पान्यानेच, आवळायचे असतात.

आणि एक छोटा फायदा कुणी मागितलेला नसतो. २५५/४० चा व्यास मागच्या मूळ टायरपेक्षा ८ मिमी जास्त, म्हणजे गिअर सव्वा टक्का लांब. २.२ लिटरच्या गाडीत दुसरा गिअर ताशी नव्वदीच्या थोडा पुढे संपतो. ऑटोक्रॉसच्या सरळ तुकड्यात नेमका तेवढाच वेग लागतो, आणि तिसरा टाकून परत दुसऱ्यावर येण्यात वेळ जातो. ताशी एक किलोमीटर वाढला तरी कधी कधी तो बदल वाचतो.

टायरवर छापलेली रुंदीही डोळे झाकून घेऊ नये. २५५/४० चं अधिकृत मोजमाप ९ इंची रिमवर घेतलं जातं, तेव्हा इथे आकडा जुळायला हवा. पण दोन कंपन्यांचे २५५ शेजारी ठेवले तर एक सरळ खांद्यांचा, दुसरा गोलसर. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी बोटभर वेगळी निघते. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो. त्यामुळे एका टायरला बसलेली गाडी दुसऱ्याला घासते.

स्पर्धेच्या रांगेत सगळी चर्चा उष्णतेची असते. एक गाडी दोघे वाटून चालवत असतील तर टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून बागेत औषध मारायचा हातपंप घेऊन लोक फेऱ्यांच्या मध्ये टायरवर पाणी मारतात. ए०५२ साठी तर हे जवळपास सक्तीचं. थंडीच्या सकाळी उलट, टायर गरम होत नाहीत आणि पहिली फेरी वाया जाते. टायरच्या कडेला खडूने रेघा ओढतात. वळणात रबर कुठवर लोळलं ते रेघ पुसली गेल्यावरून कळतं, आणि त्यावरून हवा भरायची की काढायची ते ठरतं. सुईचा थर्मामीटर घेऊन आत, मध्ये, बाहेर असं तीन जागी तापमान घेणारेही दिसतात. आतली कड फार तापली असेल तर कॅम्बर जास्त झाला.

एस२००० परवडत नाही त्यांची गाडी माझ्दा मियाटा. १९८९ ची पहिली आवृत्ती साडेनऊशे किलोच्या आसपास, साडेपाच इंची रिमवर १८५/६०आर१४. तिच्यावर १५ बाय ९ ची रिम, ऑफसेट ३६, आणि २२५/४५आर१५ ही आता जवळपास प्रमाणित जोडी झाली आहे. एकूण व्यास ५७८ वरून ५८४, म्हणजे जैसे थे. बाहेरची कड मात्र ५३ मिमी बाहेर. मडगार्ड दाबल्याशिवाय आणि कॅम्बर दिल्याशिवाय हे शक्यच नाही, आणि तरी नवख्याने पाहिलं तर गाडीवर पंधरा इंची बारकी चाकंच दिसतात. कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही अशी ही मोठी चाकं.

हे वाचून कुणी पुण्या-मुंबईत आपल्या गाडीला ९ इंची रिम शोधायला निघणार असेल तर दोन गोष्टी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. दाबलेलं मडगार्ड आणि बाहेर डोकावणारा टायर आरटीओच्या नजरेत भरतो. शिवाय पहिल्या पावसात रुंद, उथळ खाचांचा टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो.

दुसरी गोष्ट खेळाची. आपल्याकडच्या ऑटोक्रॉस स्पर्धा बऱ्याचदा मातीच्या मैदानावर होतात, आणि मातीत सगळं गणित उलटं. सुट्या मातीवर रुंद टायर पसरून वरच्या वर घसरतो; अरुंद टायर ती बाजूला सारून खालच्या घट्ट थराला पकडतो. जागतिक रॅली स्पर्धेत त्याच गाडीला डांबरावर २३५ रुंदीचे, अठरा इंची टायर लावतात आणि खडी-मातीवर २०५ रुंदीचे, पंधरा इंची. तेव्हा एखाद्या माळावर शंकू मांडून कुणी धुरळा उडवायला बोलावलं, तर घरची अरुंद चाकंच घेऊन जा आणि पैसे शॉकअपवर घाला.